जुनी गाडी घेताना, विकताना या चुका टाळा

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. महिन्यातून एकदा तरी कोणीतरी पेढ्यांचा पुडा घेऊन येतं. "भाऊ, गाडी घेतली. जरा बघून द्या ना." पैसे देऊन झालेले, घरी पूजा झालेली. मी बोनेट उघडतो आणि आता याला कसं सांगायचं, या विचारात उभा राहतो. बाबांनो, हीच पहिली चूक. मिस्त्रीला गाडी टोकन द्यायच्या आधी दाखवायची असते. आणि मिस्त्री तुमचा हवा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, कारण त्याचं कमिशन सौदा झाला तरच सुटतं.

दुसरी चूक म्हणजे आधीच गरम करून ठेवलेली गाडी बघणं. ही चूक बघून बघून मी कंटाळलोय. "तुम्ही येणार म्हणून गाडी काढून ठेवली" असं विकणारा म्हणाला की लोकांना बरं वाटतं. पण रात्रभर थंड झालेल्या इंजिनला पहिला सेल्फ मारला की अर्ध्या मिनिटात जे कळतं, ते नंतर तासभर गाडी फिरवूनही कळत नाही. वॉल्व्ह सील, म्हणजे इंजिनात ऑइल अडवणारी रबरं, गेली असतील तर रात्रीतून खाली उतरलेलं ऑइल जळतं आणि निळ्या धुराचा लोट येतो. टायमिंग चेन सैल असेल तर खडखड ऐकू येते. डिझेल गाडीचं कॉम्प्रेशन गेलं असेल तर ती चार-चार सेल्फ खाते. गरम इंजिन यातलं बरंच पोटात ठेवतं. म्हणून सकाळी लवकर जा, इंजिन लावू नका असं आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. कोमट लागलं तर मी चहा पिऊन परत येतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो.

मी शिकाऊ होतो तेव्हा एक जीप विकायला आली होती. धूर मारत होती. उस्तादांनी सांगितलं म्हणून मी जुनं ऑइल काढलं, जाड ऑइल भरलं आणि वरून घट्टपणा आणणारी एक बाटली ओतली. धूर थांबला. दिंडोरीकडच्या एका द्राक्षवाल्यांनी त्याच दुपारी जीप नेली. बाराव्या दिवशी ते ट्रॅक्टरला बांधून ती परत घेऊन आले. ऐन काढणीचे दिवस. उस्ताद त्यांच्याशी हुज्जत घालत होते, मी खाली मान घालून पाने-पकडी पुसत होतो. ते भांडले नाहीत. माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "पोरा, तुला माहीत होतं ना?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात ते गॅरेज सोडलं.

तिसरी चूक म्हणजे चकाचक सीट बघून भुलणं. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्याखाली गेली, सराफ बाजारात पाणी शिरलं. दिवाळीनंतर एक मुलगा माझ्याकडे हॅचबॅक घेऊन आला. काच आपोआप खाली जाते, सेल्फ कधी लागतो कधी नाही. गाडीत परफ्यूमचा एवढा भपका की डोकं धरावं. मी पुढच्या सीटचा बेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. वरचा भाग धुतलेला होता, पण गुंडाळीतला शेवटचा वीतभर पट्टा मातकट आणि कडक. त्यावर पाण्याची सरळ रेघ. कार्पेट उचललं तर खाली खडूसारखी वाळलेली बारीक माती, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये तांबं हिरवं पडलेलं. त्या मुलाला काही बोलताच येईना. गाडीला शाम्पू मारणाऱ्याला हे माहीत होतं, विकणाऱ्याला माहीत होतं, मधल्या एजंटलाही माहीत होतं. फक्त ज्याने पैसे मोजले त्यालाच नव्हतं.

बेल्ट ओढायला दहा सेकंद लागतात. माती-गंजासाठी स्टेपनीची खोबण आणि सीटच्या रुळांचे स्क्रूही बघा.

मीटरवर जाऊ नका, डिजिटल मीटरही मागे फिरवता येतो. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार लावून किलोमीटर जुळवा.

विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट) शून्य दिसला तर थेट विचारा, क्लेम कशाचा होता?

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका.

विकणाऱ्यांनो, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून गाडी दिली की आपण सुटलो, असं समजू नका. नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये हे स्पष्ट केलंय. पेठ रोडला आरटीओत एक चक्कर मारायचा लोकांना एवढा कंटाळा का येतो, मला कळत नाही.

आणि गॅरेजमधल्या पोरांनो, उडालेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून डॅशबोर्डवरचा दिवा विझवायचं काम कितीही पैसे मिळाले तरी घेऊ नका. ऑइलच्या बाटलीने एका माणसाचा हंगाम गेला. यात पुढच्या सीटवर बसणाऱ्याचा जीव जाईल. माझ्याकडे असं गिऱ्हाईक आलं तर मी गाडी आत घेत नाही.

गाडी तपासायची असेल तर माझ्या टेबलावर कार्बनची वही आहे. जे सापडेल ते मी लिहितो, विकणाऱ्याला माहीत असलेलं त्याच्याकडूनच त्याच्या अक्षरात लिहून घेतो, खाली दोघांच्या सह्या. मागच्या महिन्यात सिन्नरच्या एका गुरुजींनी लिहिलं, "थंडीत तिसरा गिअर अडकतो. डावा दरवाजा ठोकलेला आहे." घेणाऱ्याने पंधरा हजार कमी केले, गुरुजींनी मान्य केलं. गिअरचं काम परवाच झालं. जुने पार्ट पिशवीत घालून नव्या मालकाच्या डिकीत ठेवलेत.