कुंभार्ली घाट आणि लेकीची उलटी

पुण्याहून चिपळूणला माहेरी जाताना दोन वर्षांची लेक कुंभार्ली घाटात हमखास उलटी करायची. रडून रडून अगदी मलूल व्हायची, बघवत नसे. चूक माझीच होती: निघताना बाटलीभर दूध पाजायचं आणि घाटात रडली की मोबाईलवर गाणी लावायची.

यंदा पहाटे चारला झोपेतच तिला कारसीटमध्ये बसवलं. पाटणला मऊ भात, तोही चारच घास. दूध अजिबात नाही. कोयनानगरला अर्धा तास मोकळं खेळू दिलं. (घाईत हा अर्धा तास कधीच वाचवू नका.) घाटात काच थोडी खाली, मोबाईल बंद, गाडी सावकाश. आजी दारात उभी होती. लेक हसतच उतरली.