मुलांना मजेदार गोष्टी लिहायला शिकवताय? मग या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत मी मालवणकडे मुलांचे लेखनवर्ग घेते, पोरं साधारण पाचवी ते आठवीची. पोरांच्या चुका मला चालतात. डोक्यात जातात त्या शिकवणाऱ्यांच्या, म्हणजे नवखे शिक्षक, हौशी पालक आणि आठवड्याभरात भाच्याची गोष्ट फेसबुकवर टाकायची घाई झालेले मामा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विशेषणांचा तक्ता. वर्णन शिकवायचं म्हटलं की भिंतीवर निळाशार, हिरवागार, टुमदार, रम्य असा कागद लागतो, त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पण फिरत असते. मग जुलैत समोर समुद्र मातकट झालाय, मासेमारी बंद आहे, होड्या वर ओढून झापांनी झाकल्यात, आणि ज्याचा बाप याच पाण्यात जाळं टाकतो ते पोरगं खाली मान घालून लिहितं 'निळाशार अथांग सागर'. अरे खिडकीतून बघ ना जरा!

मागे सातवीतल्या एकाने लिहून आणलेलं, 'आम्ही एसटीने गेलो. गाडीत गर्दी होती. एक गंमत झाली. सगळे पोट धरून हसले. खूप मजा आली.' ती गंमत कुठली याचा कागदावर पत्ताच नाही. कुणीतरी बाजूला शेरा मारलेला, 'वर्णन वाढव'. मग त्याने वाढवलं, म्हणजे एसटी लालभडक झाली, गर्दी प्रचंड झाली आणि मजा अविस्मरणीय. मी कागद पालथा ठेवला आणि म्हटलं, सांग बघू काय झालं ते. तर मालवण-कुडाळ गाडी, एक काका साखरपुड्याला निघालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि वरच्या फळीवर कुणाची तरी बांगडे मासे भरलेली पिशवी, आतला बर्फ वितळायला लागलेला. पहिला थेंब खांद्यावर पडला तेव्हा काकांनी पाऊस आला म्हणून खिडकी लावून घेतली. दुसऱ्या थेंबाला खांदा हुंगून बघितला. तिसऱ्याला शेजारच्या बाई नाकाला पदर लावून उठल्या, त्या पण काकांकडेच रागाने बघत. कुडाळला उतरले तर स्टँडवरची मांजर मागे मागे.

अख्खा वर्ग हसून लोळला. यातली वर्णनाची विशेषणं मोजा, दोन-तीनच सापडतील, आणि तीही कामाची. शर्ट पांढरा नसता तर डाग कुणाला दिसला असता?

म्हणून मी आधी तोंडी सांगायला लावते आणि त्याचेच शब्द फळ्यावर उतरवते, मध्ये काही सुधारत नाही. 'मजा आली', 'गंमत झाली', 'सगळे हसले' यांना माझ्या वर्गात बंदी आहे, हसायचं की नाही ते वाचणारा ठरवेल. वेळ जातो का? जातो. ज्यांना तासाभरात गोष्ट हवी त्यांनी पोरांकडून शुद्धलेखन लिहून घ्यावं.

दुसरी चूक, आजीला पुस्तकी बोलायला लावणं. घरी आजी ओरडते "खंय होतस रे मेल्या?" आणि वहीत तीच म्हणते, "बाळ, तू कुठे गेला होतास?" असली आजी आमच्याकडे तरी कुणी पाहिलेली नाही. हीच पोरं जत्रेला रात्रभर दशावतारी नाटक बघतात, तिथे राजे संस्कृत शब्दांचं भारदस्त मराठी बोलतात आणि संकासूर, म्हणजे त्यातला गमत्या राक्षस, मालवणीत सुरू झाला की मांडवात हशा पिकतो, हे त्यांना कळतं हो, आपणच ते खोडून काढतो. माझा नियम सोपा आहे, निवेदन हवं तर प्रमाण मराठीत ठेवा, पण माणसं घरच्यासारखी बोलू द्या.

अतिशयोक्ती शिकवताना थेट 'लाख मैल उंच उडाला' वर उडी मारू नका. आधी खरं लिहायचं, मग ताणायचं. पडवीत वाळत घातलेला टॉवेल पावसाळ्यात वाळत नाही, हे खरंच आहे. मग त्याला शेवाळ आलं. मग आईने त्यावर अळू लावलं. इथे थांबायचं, चौथी पायरी घेतली की हसू मरतं. नवशिक्यांना नेमकी ती चौथीच हवी असते.

बाकीच्या चुका लहान आहेत. पोरं फक्त दिसतं तेच लिहितात, डोळे मिटायला लावा, वास आणि आवाज आपोआप येतात. एका वाक्यात तीन उपमा नकोत. गमतीचा शब्द वाक्याच्या पोटात पुरू नका, 'खिशात बांगड्याचं शेपूट सापडलं' पेक्षा 'रुमाल काढायला गेले तर हातात आलं शेपूट, बांगड्याचं' हे जास्त हसवतं. मोबाईलकडून लिहून आणलेली गोष्ट लगेच ओळखू येते, तिच्यात एसटी असते पण ती कुठून कुठे जाते तेच नसतं. आणि पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात नको, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघता येतं. त्याऐवजी पोराला मोठ्याने वाचायला लावा, जे वाक्य तो स्वतःच भराभर गुंडाळतो ते काढून टाका, बाकीचं राहू द्या.