जादा रॅम कंपनीकडून घ्यायची की आपण टाकायची, हे असं ठरवा

पहिला लॅपटॉप घेताना मी ८ ऐवजी १६ जीबी रॅम कंपनीकडूनच टाकून घेतली होती. दोन वर्षांनी पंखा साफ करायला मागचं झाकण उघडलं, तर आत कुठल्याही दुकानात मिळते तशीच पट्टी. तिचे मी बाजारभावाच्या जवळपास तिप्पट मोजले होते! तेव्हापासून मी आधी एकच गोष्ट बघतो: रॅम स्लॉटमध्ये (म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खाचेत) आहे की बोर्डावर सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन जोडलेली.

कंपन्यांची खरी चुरस असते ती जाहिरातीतल्या सगळ्यात स्वस्त मॉडेलच्या किमतीवर. तिथे सुटलेला नफा त्या रॅम किंवा एसएसडी (फाइली साठवण्याची जागा) वाढवताना भरून काढतात, कारण तोवर आपलं मन त्या मशीनवर बसलेलं असतं. वेगळे बोर्ड, साठा, वॉरंटी हा खर्च खरा आहे, पण फरक त्याहून मोठा असतो. सोल्डर केलेल्या रॅमला तर बाहेरून पर्यायच नाही. (सोल्डर करण्याला तांत्रिक कारणही आहे, हे मान्य. एलपीडीडीआर प्रकारची रॅम वीज कमी खाते आणि तिला प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवावं लागतं.)

तेव्हा खरेदीआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडा. 'सोडिम' (SODIMM, म्हणजे काढता येणारी पट्टी) लिहिलं असेल तर स्लॉट आहे; 'ऑनबोर्ड' किंवा 'एलपीडीडीआर५एक्स' दिसलं तर बहुतेक सोल्डरच. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'रो ऑफ चिप्स' येतं, त्याचाही अर्थ तोच.

सोल्डर असेल तर मन घट्ट करून १६ जीबी आत्ताच घ्या, नंतर वाढत नाही. अ‍ॅपलने मॅकबुक प्रोमध्ये रॅम सोल्डर करणं २०१२ च्या रेटिना मॉडेलपासून सुरू केलं. एसएसडीवर मात्र पैसे घालू नका. अ‍ॅपल सोडून बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती एम.२ नावाच्या स्लॉटमध्ये असते, पुढे बदलता येते.

स्लॉट असेल तर त्या दिवशीचा बाजारभाव बघा आणि फरक मोठा असेल तर पट्टी स्वतः टाका. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या; डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाही, म्हणून आपला स्लॉट कुठला ते आधी तपासा. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढा. पट्टी तिरकी धरून सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक्' वाजल्या पाहिजेत. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. घाबरून बटण दाबू नका, थांबा.