जपानला निघालात? ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणत होणाऱ्या या चुका टाळा

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या रांगेत आमच्या पुढे एक कुटुंब होतं. आई, बाबा, दोन मुलं आणि चार मोठ्या बॅगा. काउंटरवरच्या मुलीने जपानचा व्हिसा मागितला. बाबांनी फाइलमधून छापलेला कागद काढला. ‘हा चालणार नाही सर, फोनवर ऑनलाइन उघडून दाखवा.’ त्यांनी स्क्रीनशॉट दाखवला, तोही चालेना. अर्जात ईमेल दिलेला होता एजंटचा, त्यामुळे व्हिसाची लिंक त्याच्याकडे, आणि तो रात्री साडेअकराला फोन उचलेना. वीस मिनिटांनी उचलला. तोपर्यंत त्या माणसाचा शर्ट घामाने भिजला होता.

जपानच्या ई-व्हिसाचा नियम असाच आहे. इंटरनेट चालू ठेवून, फोनच्या पडद्यावर तो जिवंत उघडून दाखवावा लागतो. पीडीएफ, फोटो, प्रिंट यातलं काहीच धरत नाहीत. म्हणून अर्जात ईमेल स्वतःचा द्या, आणि निघायच्या आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचा व्हिसा एकदा उघडून बघा.

हा प्रसंग आधी सांगितला कारण जपानमध्ये आपल्या लोकांची बहुतेक अडचण इथूनच सुरू होते. तिथली माणसं मदत करायला मागेपुढे पाहत नाहीत. रस्ता विचारला तर हातातलं काम टाकून कोपऱ्यापर्यंत सोडायला येतात. पण नियमाला मुरड घालत नाहीत. ‘जरा ॲडजस्ट करा ना’ तिथे चालत नाही, त्यामुळे जे करायचं ते घरून निघण्याआधीच करावं लागतं.

औषधांचा डबा उघडा आणि वाचा

माझ्या मते सगळ्यात गंभीर चूक ही. आपल्याकडे सर्दी-खोकल्याच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि काही सिरपांत कोडीन असतं. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध जपानमध्ये नेता येत नाही. कोडीन १ टक्क्याच्या वर गेलं की ते अंमली पदार्थांत मोडतं. लक्ष न लागण्याच्या विकारावर दिली जाणारी ॲम्फेटामिनची औषधं तर डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी बंद. तेव्हा प्रत्येक पट्टीच्या मागचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा. शंका असेल तर ती पट्टी घरीच ठेवा. साध्या तापाचं औषध तिथल्या दुकानातही मिळतं.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एक महिना पुरेल इतकंच सहज नेता येतं. टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे ९० दिवसांसाठी जाणारे आई-बाबा रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तीन महिन्यांच्या बांधून नेतात. एक महिन्याच्या वर नेताना ‘युन्यु काकुनिन-शो’ हे प्रमाणपत्र आधी काढावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो, पण उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून तिकिटं काढली की लगेच करा. गोळ्या मूळ पट्टीत असू द्या, सुट्या डब्यांत काढून नेऊ नका, आणि सोबत इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

खाऊचंही तसंच. चिवडा, लाडू, दशम्या चालतात. ताजा कढीपत्ता आणि आंबे मात्र नेऊच नका; बाकीच्या ताज्या भाज्याही वनस्पती-आरोग्याच्या सरकारी दाखल्याशिवाय आत जाऊ देत नाहीत. मांसाचे पदार्थ, अगदी सुके आणि बंद पाकिटातलेही, थेट जप्त होतात.

किटली आणि १०० व्होल्ट

पहिल्या जपान प्रवासात आम्ही घरची छोटी विजेची किटली नेली होती. सकाळी सहाला चहासाठी लावली, अर्धा तास झाला तरी पाणी कोमटच. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे आणि आपली किटली २३० ची. व्होल्टेज निम्म्याहून कमी झालं की उष्णता जवळपास एक पंचमांशावर येते. भात शिजवायचा कुकर, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, सगळ्यांचं हेच. हॉटेलच्या खोलीत बहुधा किटली असते, तीच वापरा. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांची काळजी नको. फक्त तिथल्या सॉकेटात दोन चपट्या पिना बसतात, म्हणून अ‍ॅडॉप्टर दोन तरी घ्या.

‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही

इथे सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं, कारण आपल्या घरातल्या ज्येष्ठांना याचा खरा त्रास होतो. ‘नो मीट’ म्हटलं की जपानी माणूस मनापासून मान डोलावतो आणि मासा आणून देतो. मासा दिसला तर आपण नाही म्हणू शकतो. न दिसणारी गोष्ट म्हणजे दाशी. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांचं हे पाणी, आणि तिथल्या स्वयंपाकाचा तो पायाच. मिसो सूप, सोबा-उदोन या नूडल्सचं सार, भाज्यांच्या तेंपुरासोबतची (म्हणजे तिथल्या भज्यांसोबतची) चटणी, सगळ्यांत तो असतो. आईने पहिल्याच दिवशी मिसो सूपची वाटी ओठाला लावली आणि तशीच खाली ठेवली. वर टोफूचे चौकोन आणि कांद्याची पात, बाकी काही दिसत नव्हतं. वासावरून तिला कळलं.

करी-राईसही नीट विचारून घ्या. दिसायला आपल्या रश्शासारखा असतो, पण तयार करीच्या वड्यांत बऱ्याचदा गाईची किंवा डुकराची चरबी असते. भाज्यांचा म्हटला तरी रस्सा तोच.

एक वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा: ‘निकु मो, साकाना मो, दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांस, मासे आणि दाशी, तिन्ही खाता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. कोपऱ्यावरच्या दुकानात काही मिळेना झालं तर शिओ-मुसुबी, म्हणजे नुसत्या मिठाच्या भाताचा गोळा शोधा, आणि पाकिटावरचा मजकूर भाषांतराच्या अ‍ॅपने वाचून घ्या. टोकियोत निशि-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे डाळ, तांदूळ, मसाले आणि आपलं जेवण मिळतं. हा भाग एदोगावा प्रभागात येतो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते.

जमलं तर एक रात्र कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावर राहाच. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून रेल्वे आणि मग केबल कार असा रस्ता आहे. तिथल्या मठांत राहता येतं आणि शोजिन र्‍योरी हे बौद्ध भिक्षूंचं जेवण मिळतं. त्यात मांस-मासे नसतातच, आणि परंपरेने कांदा-लसूणही टाळतात. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. डोंगरावर गारठा असतो, स्वेटर न्या.

रेल्वेतल्या चुका

जुने लेख वाचून सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे जपान रेल्वेचा पर्यटकांसाठीचा पास, डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो-क्योतो शिंकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) एका बाजूचं तिकीट साधारण १४,००० येनचं. फक्त जाऊन-येऊन करणार असाल तर पास महागच पडतो.

सुइका किंवा पास्मो हे आधी पैसे भरून गेटवर टॅप करायचं कार्ड घ्या, पण ते काय करत नाही तेही जाणून घ्या. टोकियोच्या बाजूला साध्या गाडीत कार्ड टॅप करून बसलात आणि अतामी या तिथल्या विभागाच्या शेवटच्या स्थानकाच्या पुढे उतरलात, तर दुसऱ्या विभागातलं गेट उघडत नाही. शेजारच्या खिडकीवर जा, पूर्ण भाडं रोखीने भरा. ते चिठ्ठी देतात, ती नंतर टोकियोच्या बाजूच्या स्थानकात दाखवून कार्डावरची अडकलेली नोंद काढून घ्यावी लागते. कार्डात नुसते पैसे कमी पडले असतील तर गेटच्या आतच भाडं पुरं करायचं यंत्र असतं. कार्डात पैसे भरायला बहुतेक यंत्रांना रोख लागते, म्हणून हजाराच्या नोटा जवळ ठेवा. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्ध भाडं पडतं. त्यांचं कार्ड पासपोर्ट दाखवून खिडकीवरच मिळतं.

बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर जात असेल तर तोकाइदो शिंकानसेनमध्ये मोठ्या सामानाची जागा असलेली सीट आरक्षित करावी लागते. आपल्या मोठ्यातल्या मोठ्या बॅगा या मापात अडकतात. त्यापेक्षा बॅग हॉटेलातून पुढच्या हॉटेलला कुरियरने पाठवा. बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते आणि जिने चढताना खांदे वाचतात.

शेवटच्या गाड्या मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात. रात्री उशिरा नारिताला उतरणार असाल तर मुक्काम विमानतळाजवळच ठरवा. तिथून टोकियोची टॅक्सी फार महाग पडते.

मे महिना आणि पैसे

मुलांच्या सुट्टीमुळे आपण मे धरतो, आणि नेमका २९ एप्रिल ते ५ मे हा तिथला गोल्डन वीक. अख्खा जपान फिरायला निघतो, हॉटेलांचे दर चढतात. ६ मे नंतरची तारीख घेतलीत तर हवाही छान असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पावसाळा लागतो.

आपल्या बँकेच्या कार्डावर परदेशातला वापर मुळात बंद असतो. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमधून तो चालू करा, एटीएम आणि दुकान दोन्हींसाठी. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे निघतात. यंत्राने रुपये की येन विचारलं तर येनच निवडा, रुपयांचा दर नेहमी वाईट लावतात. टिप देऊ नका, पैसे परत करायला वेटर मागे पळत येतो.

काही हरवलंच तर

पासपोर्ट कायम अंगावर ठेवा, पर्यटकाला तो कायद्याने बंधनकारक आहे. हरवला तर जवळच्या कोबानमध्ये, म्हणजे पोलिसांच्या छोट्या चौकीत, तक्रार नोंदवा, आणि तो कागद घेऊन टोकियोतल्या भारतीय दूतावासात किंवा ओसाकातल्या वाणिज्य दूतावासात जा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा ११९.

गाडीत काही विसरलात तर मार्ग, उतरण्याची वेळ आणि डब्याचा क्रमांक सांगा. दाराजवळच्या पट्टीवर क्रमांक लिहिलेला असतो, त्याचा बसल्याबसल्या फोटो काढून ठेवा. आईचा चष्मा टोकियोतल्या उएनो स्थानकात उतरताना सीटवर राहिला. खिडकीवरच्या माणसाने फोटो पाहिला, दोन फोन केले आणि एका स्थानकाचं नाव कागदावर लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चष्मा एका पारदर्शक पिशवीत, वर तारीख लिहून, आमची वाट पाहत होता.