पुण्यात भूजलाचं काम करायचंय? आधी पाण्याची लेव्हल मोजायला शिका

जिऑलॉजीची मुलं नेहमी विचारतात की भूजलात यायचं तर कुठलं सॉफ्टवेअर शिकू. जीआयएस, म्हणजे नकाशांचं सॉफ्टवेअर, शिकाच, पण त्याआधी लेव्हल मोजायची टेप मिळवा आणि बावधन, बाणेर, वाघोली, जिथे राहता तिथल्या विहिरी-बोअर मोजायला लागा.

पुण्याखाली बेसाल्ट आहे, लाव्हाचे थरावर थर, त्यातला घट्ट खडक ठणठणीत कोरडा आणि झिजलेला, भेगाळलेला तेवढा पाणी धरणारा, म्हणून एका सोसायटीला दीडशे फुटांवर पाणी लागतं आणि भिंतीपलीकडे पाचशे फूट मारूनही नुसती धूळ.

मोजायचं सकाळी, मोटर सुरू व्हायच्या आधी. पहिला प्रश्न वॉचमनला, "काका, रात्री मोटर कधी बंद केली?" नुकतीच बंद केली असेल तर पाणी अजून वर चढतंय, ती खरी लेव्हल नव्हे. टेप सोडायची, पाण्याला टेकली की बीप वाजतो, आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची, हे वजा करणं नव्वद टक्के नवीन मुलं विसरतात. शक्यतो उघडी विहीर घ्या, कारण बोअरला केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेला पाइप, वरच्या मुरमापुरतंच असतं, खाली तीन-चार थरांचं पाणी एकत्र येतं, मग तुम्ही नक्की कुठल्या थराची लेव्हल मोजली ते कळतच नाही.

मे महिन्यात एकदा आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एकदा मोजलंत तरी हिशोब सुरू होतो. समजा एक चौरस किलोमीटरात पाणी 4 मीटर चढलं. बेसाल्टातून उपसता येण्यासारखं पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण 1 ते 3 टक्के, 2 धरा, म्हणजे 8 कोटी लिटर, दहा हजार लिटरचे 8,000 टँकर. एवढंच! हा आकडा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगा, लोक ऐकतात. खरी अडचण पुढे आहे, धरणाच्या पाण्याचा हिशोब कुठेतरी असतो, बोअरमधून किती उपसलं हे सोसायटीलाच माहीत नसतं. बोअरच्या पाइपला मीटर बसवून घेणं हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं, त्यासाठी भांडा.

नोकरीचं म्हणाल तर राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे, केंद्रीय भूजल मंडळात जायचं तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यात हायड्रोजिऑलॉजीचा, म्हणजे भूजलशास्त्राचा, पेपर असतो.