आयेल्ट्स स्पीकिंग : एकट्याने केलेली तयारी

आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगची, म्हणजे बोलण्याच्या भागाची, तयारी करताना इंग्रजी बोलायला जोडीला कोणी नव्हतं, म्हणून सुरुवातीला आरशासमोर उभा राहायचो. त्यात बोलण्यापेक्षा चेहऱ्याकडेच लक्ष जायचं. मग मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि ऐकून हबकलोच. चांगली दोन मिनिटं बोललोय असं वाटलं होतं, भरली ५२ सेकंद. त्यात ‘अ‍ॅक्चुअली’ ९ वेळा!

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते. पहिल्या भागात घर, काम, आवडीनिवडी असले साधे प्रश्न येतात, त्यांची फार चिंता नको. घाम फुटतो तो दुसऱ्या भागात. हातात विषयाचं कार्ड, विचाराला १ मिनिट, मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं. माझी बहुतेक मेहनत इथेच गेली.

टायमर लावून कार्ड घ्यायचो. त्या मिनिटात वाक्यं लिहू नका, वेळ संपते तेव्हा कागदावर दीड वाक्य असतं. चार-पाच शब्द टिपा आणि बोलायला लागा. रेकॉर्डिंग झालं की ते ऐकून जसंच्या तसं उतरवून काढायचं, अडखळण्यासकट. काम कंटाळवाणं आहे, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. माझी गोष्ट भूतकाळात सुरू होऊन तिसऱ्या वाक्याला वर्तमानकाळात घसरायची, हे कागदावर पाहीपर्यंत मला कळलंच नव्हतं. मग तेवढी एकच चूक धरून तेच कार्ड पुन्हा बोलायचो. रोज पाच नवी कार्डं उरकण्यात काही अर्थ नाही.

ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार या चारींना गुण देताना सारखंच वजन असतं. उच्चार म्हणजे ब्रिटिश हेल नव्हे, बोललेलं स्पष्ट कळलं की झालं. हे उशिरा समजल्यामुळे माझे तीन आठवडे नक्कल करण्यात गेले. पाठ केलेली उत्तरंही टाळा, ती परीक्षकांच्या लक्षात येतात.

तिसऱ्या भागात कार्डाच्याच विषयावर खोलात चर्चा होते. त्यासाठी स्वतःच्या प्रत्येक मताला ‘का?’ विचारायचो आणि उत्तर मोठ्याने द्यायचो. घरच्यांना वाटायचं, मी फोनवर भांडतोय.

प्रत्यक्ष परीक्षेत कधीच न केलेलं कार्ड आलं. चार शब्द टिपले, बोलायला लागलो. २ मिनिटं झाली म्हणून परीक्षकांनी थांबवलं तेव्हा माझा चौथा शब्द अजून बाकी होता.