मोटर न्यूरॉन आजार : 'प्रतिकारशक्ती'च्या औषधावर पैसा घालण्यापूर्वी

कापूस वेचताना बोटांची पकड सुटते, सदऱ्याचे बटण लागत नाही, अंगठ्याच्या बुडाचे मांस ओसरते, दंडाचा स्नायू आपोआप फडफडतो आणि तरीही बधिरपणा मुळीच नसतो. अशा रुग्णाला मोटर न्यूरॉन आजार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की गावात कोणीतरी 'प्रतिकारशक्ती वाढवा' असा सल्ला देतोच. त्या सल्ल्यावर कापसाचा चुकारा खर्च करण्याआधी पुढील गोष्टी समजून घ्याव्यात.

या आजारात मेंदू व मज्जारज्जूतील, स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मरत जातात. त्यांच्याभोवती मायक्रोग्लिया नावाच्या रोगप्रतिकारक पेशी असतात; उंदरांवरील प्रयोगांत त्या सुरुवातीला चेतापेशींना जपतात आणि पुढे दाह निर्माण करून त्यांचीच हानी करतात, असे दिसले आहे. दाह आवरणाऱ्या टी-पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) ज्या रुग्णांत कमी असतात, त्यांचा आजार अधिक वेगाने वाढतो, असेही आढळले आहे. म्हणजे प्रतिकारशक्तीचा संबंध आहे, पण ती कमी पडल्यामुळे आजार झाला, असा त्याचा अर्थ नाही. दाह दाबला की काम झाले, असेही नाही: मायक्रोग्लियाला शांत करेल या आशेने दिलेल्या मिनोसायक्लिन या प्रतिजैविकामुळे रुग्णांची घसरण उलट वेगाने झाली, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न खऱ्या अर्थाने विचारायचा तो निदानाच्या वेळी. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी हा आजार बाहेरून असाच दिसतो. मात्र तो शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेमुळे होतो आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) दिल्यास बहुतेकांना फायदा होतो. म्हणून नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या अन्य रुग्णालयात सर्व जुने कागद घेऊन जावे आणि 'नर्व्ह कंडक्शन तपासणीत ब्लॉक दिसतो का?' म्हणजे नसेतून जाणारा विजेचा संदेश वाटेत अडतो का, असे स्पष्ट विचारावे. अशक्तपणा एकाच हातात असेल आणि फार सावकाश वाढत असेल, तर हा प्रश्न टाळूच नये. तोवर कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नये, कारण या न्यूरोपथीत त्याने त्रास वाढू शकतो.

निदान पक्के झाल्यास रिलुझोल ५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात व यकृताची रक्ततपासणी करत राहतात. त्याने आयुष्य काही महिन्यांनी वाढते, आजार बरा होत नाही. हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेले बरे.

स्टेम सेलच्या (मूळ पेशींच्या) इंजेक्शनसाठी मात्र शेत गहाण टाकू नये. मोटर न्यूरॉन आजारावर तो उपचार सिद्ध झालेला नाही. कोणी 'संशोधन चालू आहे' म्हणाल्यास भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीचा क्रमांक आणि मराठीतील संमतिपत्र मागावे. प्रयोगासाठीच रुग्णाकडून पैसे मागत असतील, तर तेथून परत यावे. वाचलेला पैसा श्वासाच्या यंत्रासाठी राखावा. आडवे झोपल्यावर दम लागणे, सकाळी डोके जड असणे किंवा पाणी पिताना ठसका लागणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे.